ससून बॅरोनेट

ससून बॅरोनेट हा मुंबईच्या बगदादी ज्यू ससून घराण्यातील व्यक्तींना मिळालेला वंशपरंपरागत ब्रिटिश किताब होय. तो दोनदा निर्माण करण्यात आला : १८९० मध्ये केन्सिंग्टन गोर (लंडन) या नावाने व १९०९ मध्ये मुंबईच्या नावाने. पुरुष वारसाअभावी हे दोन्ही किताब आता लुप्त झाले आहेत. बॅरोनेट हा सरदारकीचा दर्जा नाही. धारकास नावाआधी 'सर' लावता येते, परंतु उमराव सभेत जागा मिळत नाही.

पार्श्वभूमी

घराण्याचे संस्थापक डेव्हिड ससून (१७९२–१८६४) बगदादहून मुंबईस आले. कापूस, कापड आणि चीनशी चालणारा अफूचा व्यापार यांवर त्यांची पेढी उभी राहिली. शहरातील पुढील देणग्यांचा विचार करताना अफूचा हा वाटा वगळता येत नाही. पुण्यातील ससून रुग्णालय डेव्हिड यांच्या घराण्याचे नाव धारण करते, मात्र ते स्वतः बॅरोनेट नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर थोरले पुत्र अब्दुल्ला (अल्बर्ट) पेढीचे प्रमुख झाले. दुसरे पुत्र इलियास यांनी १८६७ मध्ये वेगळे होऊन ई. डी. ससून आणि कंपनी काढली. पुढे दोन किताब मिळाले ते या दोन शाखांना.

केन्सिंग्टन गोरचे बॅरोनेट (१८९०)

सर अल्बर्ट ससून (१८१८–१८९६) यांनी कुलाब्यातील ससून डॉक बांधली. ती १८७५ मध्ये खुली झाली व आज मासळी बाजारासाठी ओळखली जाते. ज्यावरून 'काळा घोडा' परिसराला नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही त्यांनीच दिलेला. तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. किताब मिळाला तेव्हा ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले होते, म्हणून त्यास लंडनमधील ठिकाणाचे नाव आहे.

त्यांचे पुत्र सर एडवर्ड (१८५६–१९१२) हाइथ मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. नातू सर फिलिप (१८८८–१९३९) यांनी तोच मतदारसंघ मृत्यूपर्यंत राखला व मंत्रिपदेही भूषविली. ते अविवाहित होते. त्यांच्याबरोबर किताब संपला.

मुंबईचे बॅरोनेट (१९०९)

इलियास यांचे पुत्र सर जेकब (मृत्यू १९१६) मोठे गिरणीमालक होते. फोर्टमधील केनेसेथ इलियाहू सिनेगॉग (१८८४) वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी बांधविले. मुंबईच्या विज्ञान संस्थेसही त्यांची देणगी होती. त्यांना मुलगा नव्हता. एरवी किताब थेट वंशजाकडेच जातो. येथे मात्र तो बंधू एडवर्ड इलियास (१८५३–१९२४) यांच्याकडे जावा अशी खास तरतूद राजपत्रात होती आणि त्यामुळेच तो टिकला.

एडवर्ड यांचे पुत्र सर व्हिक्टर (१८८१–१९६१) हे तिसरे व अखेरचे धारक. ते केंद्रीय विधिमंडळाचे, तसेच १९२९ च्या कामगारविषयक शाही आयोगाचे सदस्य होते. नंतर त्यांनी व्यवसायाचे केंद्र शांघायला हलविले. त्यांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी शर्यत चार वेळा जिंकली. बहामात निःसंतान मृत्यू झाल्याने हा किताबही लुप्त झाला.

नामसाधर्म्य

१९११ मध्ये बॅरोनेट झालेले सर ससून जेकब डेव्हिड यांचा किताब यात मोडत नाही. त्यांचे आडनाव डेव्हिड होते, 'ससून' हे पहिले नाव. मात्र त्यांच्या पत्नी इलियास ससून यांच्या कन्या होत्या. कवी सिगफ्रिड ससून हे डेव्हिड ससून यांचे पणतू, पण किताबाच्या वारसाक्रमात त्यांचा समावेश नव्हता.