चेंबर, कॉर्क आणि घरचा मेकॅनिक

१९०८ साली फोर्डची मॉडेल टी बाजारात आली तेव्हा तिच्या इंजिनात ऑइल पंप नव्हता. तेल खाली चेंबरमध्ये साठायचं, फिरणारं फ्लायव्हील ते उडवायचं आणि त्यावरच बेअरिंग चालायचे. गिअरही त्याच तेलात. तेलाची पातळी बघायला दांडी नव्हती, चेंबरला खाली-वर दोन छोट्या तोट्या होत्या. मालकाने गाडीखाली सरपटत जायचं, तोट्या उघडून बघायच्या आणि तेल दोन्हींच्या मधे आहे याची खात्री करायची. म्हणजे गाडीखाली आडवं होणं हा गाडी बाळगण्याचाच भाग होता.

गिऱ्हाईक मुख्यतः खेड्यापाड्यातलं, रस्ते कच्चे आणि मेकॅनिक कोसांवर. तरीही पहिल्या गाड्यांमध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत खालून हात पोचत नसे, त्यासाठी अख्खं इंजिन उचलावं लागे. १९११ च्या मॉडेलपासून फोर्डने चेंबरच्या तळाला बोल्टने बसणारं झाकण दिलं. झाकण उतरवा, बेअरिंग कसा, नवं पॅकिंग घालून झाकण पुन्हा लावा. घरच्या दुरुस्तीचं श्रेय आपण मालकाच्या हिकमतीला देतो. त्यातलं निम्मं तरी हे झाकण आखणाऱ्याला द्यायला हवं. कंपनीची मार्गदर्शक पुस्तिकाही प्रश्नोत्तरांच्या रूपात होती, मालक स्वतःच हात काळे करणार हे गृहीत धरून लिहिलेली.

या गाडीने सुट्या भागांचा धंदाही उभा केला. पुढे गॅस्केटसाठी नावाजलेल्या ‘फेल-प्रो’ने १९१८ मध्ये शिकागोत सुरुवात केली ती मॉडेल टीसाठी नमद्याचे वॉशर बनवून.

चेंबरच्या पॅकिंगसाठी मात्र कॉर्क अनेक वर्षं टिकलं, आणि त्याला सबळ कारण आहे. दाबून घडवलेल्या पत्र्याच्या चेंबरची कड कधीच पुरती सपाट नसते. पोर्तुगाल-स्पेनमधल्या ओकच्या या सालीत हवेने भरलेल्या सूक्ष्म पेशी असतात. त्यामुळे ती दाबली की बाजूला न पसरता दबते आणि उंचसखलपणा भरून काढते. तयार पॅकिंग मिळालं नाही, तर शीट कडेवर ठेवून बॉलपीन हातोडीने हलके ठोके मारत जायचं. धातूच्या धारेवर ती आपोआप कापली जाते आणि भोकंही तशीच पडतात. पडून राहून आखडलेलं कॉर्क पाण्यात भिजवलं की पुन्हा मापाला येतं.

बिघडतं ते बहुधा उत्साहामुळे. गळती थांबावी म्हणून बोल्ट करकचून आवळले की कॉर्क चिरतं, शिवाय भोकाभोवतीचा पत्रा वर ओढला जातो. मग पुढचं कितीही चांगलं पॅकिंग घातलं तरी तेल झिरपतच राहतं. जाणकार आधी चेंबरची कड लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट करतो, जुनं पॅकिंग खरवडून काढतो आणि मधल्या बोल्टपासून टोकांकडे, समोरासमोर, थोडं थोडं आवळत जातो.

मुंबईत हे कसब फिएट आणि तिच्याच पुढच्या अवताराने, प्रीमियर पद्मिनीने जोपासलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही १०८९ सीसीची गाडी. साधं इंजिन, बॉनेटखाली हात घालायला भरपूर जागा आणि चोरबाजारापासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत मिळणारे जुने-नवे पार्ट. खड्ड्यात चेंबर आपटला तरी गल्लीतला मेकॅनिक फुटपाथवरच काम उरकायचा. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

कॉर्कची जागा आधी कॉर्क-रबराने आणि १९७० च्या दशकापासून अनेक ठिकाणी ट्यूबमधल्या सिलिकॉनने घेतली. हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारं सिलिकॉन कापावं लागत नाही, पण ते मोजकंच लावावं लागतं. आतल्या बाजूला निघालेले जादा थर तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि तेलाचा दाब घसरतो. घाईही चालत नाही: सिलिकॉन पुरतं सुकायच्या आत तेल भरलं तर सगळी मेहनत पाण्यात. बऱ्याच नव्या गाड्यांत चेंबर ॲल्युमिनियमचा असतो आणि तो इंजिनला मजबुतीही देतो. काहींत तर सबफ्रेम खाली उतरवल्याशिवाय किंवा इंजिन उचलल्याशिवाय तो निघतच नाही. १९११ च्या झाकणाने सोपं केलेलं काम अशा गाड्यांत पुन्हा लिफ्ट असलेल्या गॅरेजकडे गेलं आहे.