मातीतले परदेशी

चीनमध्ये शिआन इथे १९५७ साली एका थडग्याच्या उत्खननात मातीचा उंट सापडला. उंची जेमतेम दोन फूट. मान उंचावून उभ्या असलेल्या या उंटाच्या पाठीवर पाच जणांची मैफल जमली आहे. चौघे बसून वाजवताहेत, मधला उभा राहून नाचतो आहे. त्यांतल्या काहींची उंच नाकं, खोल डोळे, दाढ्या पाहिल्या की कळतं, ही माणसं चिनी नव्हेत. थडगं श्यान्यू तिंगहुई नावाच्या सेनाधिकाऱ्याचं, इसवी सन ७२३ मधलं.

तो तांग राजवटीचा काळ. आजचं शिआन म्हणजे तेव्हाची राजधानी चांगआन. श्रीमंत माणूस गेला की त्याच्याबरोबर घोडे, उंट, नोकर, वादक असा सारा लवाजमा मातीचा करून पुरत. या कामाला आज 'सान्त्साय' म्हणतात, म्हणजे तीन रंग. मूर्ती आधी भाजायची, मग शिशाची झिलई देऊन कमी आचेवर पुन्हा भाजायची. तांब्याने हिरवा रंग येतो, लोखंडाने मधासारखा पिवळा-तपकिरी. शिशामुळे झिलई पातळ होते नि घोड्याच्या पाठीवरून ओघळत खाली येते. वाटेत रंग एकमेकांत मिसळतात. मला या ओघळांचंच फार अप्रूप वाटतं. माणसांच्या चेहऱ्यांना मात्र बहुधा झिलई देत नसत, ते नंतर रंगाने रेखत. म्हणून चेहरेपट्टी स्पष्ट राहिली. क्वचित निळा रंगही दिसतो. तो कोबाल्टचा, आणि हे कोबाल्ट बहुतेक इराणकडून आलं असावं, असं अभ्यासक मानतात.

हे परदेशी कोण? पुष्कळसे समरकंद, बुखाऱ्याकडचे सोग्दियन व्यापारी. चिनी लोक त्यांना 'हू' म्हणत. रेशीम पश्चिमेला जाई. घोडे, चांदीची भांडी, वाद्यं आणि नाच पूर्वेला येत.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ७२८ साली वारलेल्या ल्यू तिंगशून या सेनानीच्या थडग्यातल्या तेरा मूर्ती आहेत. काही तर मीटरभर उंच. त्यांत दोन चिलखतधारी रक्षक आहेत, त्यांना म्हणतात लोकपाल. होय, आपलाच शब्द. बौद्ध धर्माबरोबर ही कल्पना तिकडे गेली. शिवाय घोड्या-उंटांचे तीन मोतद्दार. ल्यूसाहेबांचं चरित्र शिळेवर कोरलेलं सापडलं. मोतद्दारांची नावं कुठेच नाहीत. परदेशी माणूस परलोकातही हवा होता, पण लगाम धरायला आणि गाणं ऐकवायला. देवाणघेवाणीच्या गोड गप्पा मारताना आपण हे विसरतो.

७५५ साली आन लू-शानने बंड केलं. हा तांग दरबाराचाच सेनापती, बाप सोग्दियन वंशाचा, आई तुर्क. आठ वर्षं देश होरपळला आणि 'हू' चेहऱ्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. ७६० मध्ये यांगचौ या भरभराटीच्या बंदरात दुसरं एक बंड मोडायला आलेल्या सरकारी सैन्याने शहरच लुटलं. हजारो अरब आणि इराणी व्यापारी कापले गेले. थडग्यांतली ती रंगीत आरासही याच सुमारास ओसरली.

व्यापार मात्र थांबला नाही. खुष्कीचा मार्ग धोक्याचा झाला तशी समुद्रावरची वर्दळ वाढली. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ साली एक बुडालेलं जहाज सापडलं. अरबी धाटणीचं, खिळे न वापरता फळ्या दोऱ्यांनी शिवलेलं. आत सुमारे साठ हजार चिनी भांडी. एका वाडग्यावर ८२६ हे वर्ष पडतं. असा माल बसरा, सामर्रापर्यंत पोचत होता. बसऱ्याच्या कुंभारांना चीनसारखी पांढरी माती मिळेना. मग त्यांनी कथलाची अपारदर्शक पांढरी झिलई चढवली आणि तिच्यावर कोबाल्टने निळी नक्षी काढली. चीनमध्ये तेव्हा असलं काम जवळजवळ नव्हतंच.

बेलितुंगच्या त्या जहाजात मात्र तीन बशा निघाल्या, पांढऱ्यावर निळी नक्षी असलेल्या, बसऱ्याच्या नक्षीशी नातं सांगणाऱ्या. घडवल्या होत्या चीनच्या हनान प्रांतातल्या गोंगश्यानच्या भट्ट्यांत. तिथेच पूर्वी तिरंगी भांडी भाजली जात.