अलिझरीन : एका रंगाचे नाव

श्रोतेहो, घाटकोपरच्या एका शाळेत चित्रकलेच्या गुरुजींनी रंगाची एक नळी माझ्या हाती दिली. तिच्यावर छापले होते, 'अलिझरीन क्रिमझन'. गुरुजी म्हणाले, "क्रिमझन म्हणजे किरमिजी, हे मुलांना सांगता येतं. पण हे अलिझरीन काय? आपल्या आल-रंगाचं तर हे नाव नव्हे?"

शंका रास्त होती. कानाला दोन्ही शब्द सख्ख्या भावांसारखे लागतात. तेव्हा आधी आपला आल पाहू. आल म्हणजेच बारतोंडी. कोकणकिनाऱ्याला, बोरिवलीच्या रानातही हे झाड आढळते. त्याच्या मुळांच्या सालीत तांबडा रंग असतो. त्यासाठी खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत आल मुद्दाम लावीत. तीन-चार वर्षे थांबायचे, मग खोल खणून मुळे काढायची. बारीक मुळांना भाव अधिक. खारव्याचे तांबडे कापड रंगे ते याच मुळांनी.

अलिझरीन हा शब्द मात्र दुसऱ्या गावचा. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून मंजिष्ठाच्या जातीची मुळे युरोपात जात. त्या मालाला व्यापारी 'अलिझारी' म्हणत. १८२६ साली रोबिके आणि कोलँ या फ्रेंच रसायनज्ञांनी त्या मुळांतले रंगद्रव्य वेगळे काढले आणि मालाच्या नावावरून त्याला अलिझरीन म्हटले. म्हणजे शब्दांचे नाते नाही. द्रव्यांचे मात्र आहे. आल-मुळातला रंग आणि अलिझरीन ही एकाच रासायनिक कुळातली आहेत.

पुढे १८६८ साली ग्रेब आणि लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी हेच अलिझरीन दगडी कोळशाच्या डांबरातल्या पदार्थापासून बनवले. झाडातला रंग झाडावाचून तयार झाला, तो जगात पहिल्यांदाच! १८६९ च्या जूनमध्ये लंडनला जर्मनांनी २५ तारखेला पेटंटचा अर्ज केला, तर इंग्लंडच्या पर्किनने २६ ला. एका दिवसाचे अंतर, पाहा!

या शर्यतीत आपला शेतकरी कुठेच नव्हता. पण हरला तो. जो रंग जमिनीतून काढायला तीन-चार वर्षे लागत, तो आता डब्यात बंद होऊन आगबोटीने मुंबई बंदरात उतरू लागला. आल-पीक हळूहळू मोडले. फ्रान्समधल्या मंजिष्ठाच्या शेतांचीही तीच गत झाली.

मग रंगाऱ्याचे काय झाले? इथे गंमत आहे. नुसते अलिझरीन सुतावर टिकत नाही. आधी कापडाला तुरटीचा हात द्यावा लागतो, तेव्हा रंग धाग्याला धरून बसतो. आल-रंगालाही तुरटीच लागे. म्हणजे डबा परदेशचा, पण पक्क्या रंगाची किल्ली आपल्या रंगाऱ्याजवळ आधीपासून होती. शेतकऱ्याची विद्या निरुपयोगी ठरली, रंगाऱ्याची मात्र उपयोगी पडली. नवे यंत्र, नवा माल येतो तेव्हा सगळ्यांचे नुकसान सारखे होत नाही, हे या एका शब्दावरून कळते.

परावलंबनाची किंमत १९१४ च्या महायुद्धात कळली. जर्मन रंग येणे थांबले आणि बाजार हवालदिल झाला. पुढे १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. माटुंग्याच्या या संस्थेचे के. वेंकटरामन १९३८ साली पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५२ पासून खंडाखंडाने निघाला आणि जगभर प्रमाण मानला गेला.

आता कापडाच्या दुकानात हा शब्द ऐकू येत नाही. पण तो गेला म्हणता येणार नाही. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त झाले, म्हणजे लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, की दातांवर डाग पडतात, हाडे दुखू लागतात. यवतमाळ-चंद्रपूरकडे हे दुखणे ठाऊक आहे. हे फ्लोराइड ओळखायची एक जुनी रीत अलिझरीनचीच: झिर्कोनियमबरोबर त्याचा जो लाल रंग होतो, तो अशा पाण्यात उतरून पिवळा पडतो.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एवढे करून पाहा. कापडाचे दोन तुकडे घ्या. एक तुरटीच्या पाण्यात भिजवा, दुसरा नको. दोन्ही बारतोंडीच्या मुळांच्या काढ्यात उकळा आणि धुवा. झाड मारू नका बरं का, कडेचे एखादे मूळ पुरे. कोणता रंग टिकतो ते मुलांनाच सांगू द्या. मग फळ्यावर लिहा 'अलिझरीन', आणि त्याच्या शेजारी 'आल'.