एका प्लगमध्ये तीन वायरी

मागच्या महिन्यात बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि टर्नटेबल, तिघांच्या वायरी मी एकाच थ्री-पिन प्लगमध्ये कोंबल्या. बीटेक झालोय ना! अर्ध्या तासात जळका वास.

मग वाचत बसलो, ब्रिटिश प्लगच्या पोटात फ्यूज का असतो? दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे भरपूर घरं बांधायची होती, आणि तांब्याची टंचाई. म्हणून रिंग सर्किट आलं: वायरचं एकच कडं, त्यावर सगळे सॉकेट, बोर्डात ३० अँपिअरचा फ्यूज. पण तो उडेपर्यंत रेडिओची बारीक वायर पेटायची! म्हणून १९४७ च्या बीएस १३६३ मानकाने प्रत्येक प्लगलाच स्वतःचा फ्यूज दिला.

आपला गोल पिनांचा प्लग त्याआधीच्या बीएस ५४६ चा वंशज. त्यात सहसा फ्यूज नसतो. बोर्डातला एमसीबी भिंतीतली वायर सांभाळतो, माझी बारीक वायर नाही.

खरं तर माझा घोळ वेगळाच होता. एका स्क्रूखाली तीन वायरी नीट आवळल्याच गेल्या नव्हत्या. सैल जोड तापतो, तेव्हा फ्यूजलाही पत्ता लागत नाही.

आता फ्यूजवाला एक्स्टेन्शन बोर्ड आणलाय, प्रत्येकाला वेगळा प्लग. स्पीकरमधून थोडी घरघर येते. मित्र म्हणतो, अर्थिंगची वायर काढून टाक. नाही काढणार.