मार्गदृश्य छायाचित्रण व खाजगीपणा

सार्वजनिक रस्त्यांवरून फिरणाऱ्या वाहनावर चहूबाजूंचे चित्रण करणारे कॅमेरे बसवून ठराविक अंतराने छायाचित्रे घेणे, ती परस्परांना जोडणे आणि इंटरनेटवरील नकाशांत त्या त्या स्थळाशी निगडित करून सर्वांस पाहण्यास उपलब्ध करून देणे, या पद्धतीस मार्गदृश्य छायाचित्रण म्हणतात. अशा छायाचित्रांत रस्ते व इमारती यांच्याबरोबरच तेथून जाणारी माणसे, दारातील वाहने, घरांच्या खिडक्या व अंगणे यांचीही चित्रे येतात. त्यामुळे २००७ पासून अनेक देशांत या छायाचित्रणाविषयी वाद निर्माण झाले. रस्त्यावरून जे कोणासही दिसते, त्याची नोंद करून ती जतन करण्याचा व जगभर दाखविण्याचा अधिकारही कोणासही आहे काय, हा या वादांमागील मूळ प्रश्न होय.

पूर्वपीठिका : छायाचित्रण व खाजगीपणा यांच्यातील संघर्ष इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. जॉर्ज ईस्टमन याने १८८८ मध्ये हातात धरता येईल असा कोडॅक कॅमेरा विक्रीस आणला. तोपर्यंत छायाचित्र काढून घेण्यासाठी माणसास कॅमेऱ्यासमोर काही काळ स्थिर बसावे लागे; म्हणजेच छायाचित्रास त्याची संमती गृहीतच असे. क्षणार्धात व नकळत छायाचित्र घेता येऊ लागल्यावर ही संमती नाहीशी झाली. सॅम्युएल वॉरन व लूइस ब्रँडाइस या अमेरिकन विधिज्ञांनी हार्व्हर्ड लॉ रिव्ह्यू या नियतकालिकात डिसेंबर १८९० मध्ये लिहिलेल्या सुप्रसिद्ध लेखात हाच मुद्दा मांडला. छायाचित्रकार व ग्राहक यांच्यातील करार किंवा विश्वास यांवर आधारलेले जुने संरक्षण आता अपुरे असून, खाजगीपणाचा स्वतंत्र हक्क मान्य केला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

जर्मनीत या प्रश्नाला चालना मिळाली ती एका मृत्यूच्या प्रसंगाने. जुलै १८९८ मध्ये बिस्मार्क याचे निधन झाले, तेव्हा दोन छायाचित्रकारांनी रात्री त्याच्या निवासस्थानी शिरून मृतदेहाचे छायाचित्र घेतले. न्यायालयाने १८९९ मध्ये बिस्मार्कच्या मुलांच्या बाजूने निर्णय दिला; तथापि स्वतःच्या प्रतिमेवरील हक्क असा काही कायद्यात नसल्याने त्या निर्णयास घरात बेकायदा शिरण्याचा आधार घ्यावा लागला. पुढे १९०७ च्या कायद्याने व्यक्तीचे चित्र तिच्या संमतीविना प्रसृत करण्यास मनाई करण्यात आली. मात्र एखाद्या स्थळाच्या चित्रात जी व्यक्ती केवळ आनुषंगिक म्हणून आली असेल, तिच्यापुरता या नियमास अपवाद ठेवण्यात आला. शंभर वर्षांनंतर मार्गदृश्य छायाचित्रणाच्या संदर्भात हा अपवादच महत्त्वाचा ठरला.

अमेरिकेत विल्यम प्रॉसर या विधिज्ञाने १९६० मध्ये खाजगीपणाविषयीच्या निवाड्यांची चिकित्सा करून असे मत मांडले, की सार्वजनिक रस्त्यावरील माणसाचे छायाचित्र घेण्याने त्याच्या खाजगीपणाचा भंग होत नाही. कारण छायाचित्र म्हणजे तेथे उपस्थित असलेल्या कोणासही दिसले असते अशा दृश्याची नोंद होय. पाहणे व नोंदणे यांत तत्त्वतः भेद नाही, हे गृहीत त्यामागे होते. एकेका छायाचित्राच्या बाबतीत ते बव्हंशी निभावून गेले.

आरंभ व तंत्र : मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील एका गटाने १९७८ च्या सुमारास कोलोरॅडो राज्यातील ॲस्पेन या गावाचा चित्रमय नकाशा तयार केला. मोटारीवर बसविलेल्या कॅमेऱ्यांनी सु. ३ मी. अंतरावर एकेक चित्र घेतले जाई व पाहणाऱ्यास संगणकाच्या साहाय्याने त्या गावात हवे तसे फिरल्याचा आभास होई. गूगल या कंपनीने मे २००७ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को, न्यूयॉर्क, लास व्हेगस, मायॅमी व डेन्व्हर या पाच शहरांपासून आपली ‘स्ट्रीट व्ह्यू’ ही सेवा सुरू केली. वाहनावरील कॅमेऱ्यांनी घेतलेल्या चित्रांपासून संगणक सर्व दिशांचे एकसंध दृश्य तयार करतो आणि उपग्रहीय स्थाननिश्चितीच्या आधारे ते नकाशातील बिंदूशी जोडतो. परिणामी ज्यास पत्ता ठाऊक आहे, त्यास ते घर जगाच्या कोणत्याही भागातून पाहता येते, आणि पाहिले गेल्याचे घरातील माणसास कळत नाही. रस्त्यावरचा पादचारी ज्यास पाहतो त्यासही तो दिसत असतो. ही परस्परता या छायाचित्रणात राहत नाही.

आरंभीचे वाद : सेवा सुरू होताच ओळखू येण्याजोग्या चेहऱ्यांविषयी तक्रारी झाल्या. गूगलने मे २००८ मध्ये मॅनहॅटनमधील चित्रांपासून चेहरे संगणकाकरवी अंधुक करण्याचा प्रयोग आरंभिला. कंपनीच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, तपासलेल्या चित्रांतील ८९ टक्क्यांहून अधिक चेहरे आणि ९४ ते ९६ टक्के वाहनक्रमांकांच्या पाट्या या पद्धतीने पुरेशा अंधुक होत. हे प्रमाण मोठे असले, तरी चित्रांची संख्याच प्रचंड असल्याने उरलेला अंशही लहान नव्हता. पिट्सबर्ग येथील एका दांपत्याने खाजगी रस्त्यावरून आपल्या घराचे चित्रण झाल्याबद्दल २००८ मध्ये दावा दाखल केला. खाजगीपणाच्या भंगाचा त्यांचा मुद्दा न्यायालयांनी फेटाळला. फक्त जागेवरील अनधिकृत प्रवेशाचा मुद्दा टिकला आणि डिसेंबर २०१० मध्ये एक डॉलर भरपाईवर प्रकरण मिटले. प्रॉसरच्या गृहीताला तेथे धक्का लागला नाही.

इतरत्र अनुभव निराळा आला. इंग्लंडमधील ब्रॉटन या खेड्याच्या रहिवाशांनी एप्रिल २००९ मध्ये चित्रणाच्या मोटारीची वाट अडविली. ग्रीसच्या माहितीसंरक्षण प्राधिकरणाने मे २००९ मध्ये अधिक खुलासा होईपर्यंत चित्रण थांबविले. जपानमध्ये घरे अरुंद रस्त्यांना लागून असतात व कुंपणाची उंची घराच्या मर्यादेची खूण मानली जाते. मोटारीवरील कॅमेरा मात्र चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांहून बराच उंच असल्याने कुंपणापलीकडचे दृश्य टिपत असे. टीकेनंतर २००९ मध्ये कंपनीने तेथील कॅमेरे ४० सेंमी. खाली आणून पुन्हा चित्रण करण्याचे मान्य केले. रस्त्यावरून जे दिसते तेच आपण दाखवितो, हा कंपनीचा युक्तिवाद शब्दशः खरा नव्हता, हे यावरून स्पष्ट झाले.

जर्मनीतील संघर्ष : या वादाने सर्वांत तीव्र रूप जर्मनीत धारण केले. नाझी राजवट आणि पूर्व जर्मनीतील गुप्त पोलीस यंत्रणा यांच्या अनुभवामुळे नागरिकांविषयीच्या नोंदींकडे तेथे संशयाने पाहिले जाते. नियोजित जनगणनेविरुद्धच्या दाव्यात जर्मन संघीय सांविधानिक न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी असा निर्णय दिला होता, की आपल्याविषयीची माहिती कोणी व कशासाठी वापरावी हे ठरविण्याचा मूलभूत हक्क व्यक्तीस आहे. स्वयंचलित संस्करणाच्या युगात कोणतीही माहिती क्षुल्लक राहत नाही, हे त्या निर्णयाचे सूत्र होते.

हँबर्गचे माहितीसंरक्षण आयुक्त योहानेस कास्पर यांनी कंपनीशी वाटाघाटी केल्या आणि २००९ मध्ये कंपनीने तेरा आश्वासने दिली. चित्रे प्रसिद्ध होण्यापूर्वीच आपले घर अंधुक करून घेण्याची मुभा हे त्यांतील प्रमुख आश्वासन होते व ते घरमालक आणि भाडेकरू या दोहोंस लागू होते. ऑगस्ट २०१० मध्ये वीस शहरांची चित्रे वर्षअखेर प्रसिद्ध करण्याची घोषणा झाली, तेव्हा ग्राहकसंरक्षण मंत्री इल्झ आइग्नर यांच्यासह अनेकांनी तीवर टीका केली. मुदतीअखेर २,४४,२३७ कुटुंबांनी हरकती नोंदविल्या. त्या शहरांतील एकूण कुटुंबांच्या २·८९ टक्के एवढे हे प्रमाण होते. नोव्हेंबरमध्ये सेवा सुरू झाली, तेव्हा रस्त्यांच्या चित्रांत जागोजागी घरांऐवजी धूसर चौकटी दिसू लागल्या. उलट एसेन शहरात अशा काही अंधुक केलेल्या घरांवर अंडी फेकण्यात आली. लपण्याच्या हक्काचा वापर केल्यानेच ती घरे नजरेत भरली होती.

बर्लिनच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये रस्त्यावरून घराच्या दर्शनी भागाचे चित्रण कायदेशीर ठरविले. असे असूनही एप्रिल २०११ मध्ये कंपनीने जर्मनीत नवी चित्रे प्रसिद्ध न करण्याचे जाहीर केले. त्यानंतर बारा वर्षे तेथील चित्रे जुनीच राहिली. जुलै २०२३ मध्ये नवी चित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जुनी काढून टाकण्यात आली आणि २०१० मधील हरकतीही रद्द समजण्यात आल्या. ज्यांस घर अंधुकच ठेवावयाचे होते, त्यांस नव्याने अर्ज करावा लागला. हक्क रहिवाशाचा असला, तरी तो पुनःपुन्हा मागत राहण्याचा भारही त्याच्यावरच राहिला.

अदृश्य संकलन : सर्वांचे लक्ष कॅमेऱ्याकडे लागले असता अधिक गंभीर प्रकार त्याच मोटारीत चालू होता. एप्रिल २०१० मध्ये जर्मन अधिकाऱ्यांनी केलेल्या चौकशीतून, या मोटारी घरांतील वाय-फाय यंत्रणांचीही नोंद करीत असल्याचे उघड झाले. केवळ यंत्रणेचे नाव व ओळखक्रमांक घेतले जातात, असे कंपनीने प्रथम सांगितले. परंतु १४ मे २०१० रोजी तिने मान्य केले, की असुरक्षित यंत्रणांवरून जाणाऱ्या संदेशांचे तुकडेही तीसहून अधिक देशांत साठविले गेले होते. याबद्दल फ्रान्सच्या नियामक संस्थेने २०११ मध्ये एक लाख यूरो व हँबर्गच्या आयुक्तांनी २०१३ मध्ये १,४५,००० यूरो दंड केला. अमेरिकेतील ३८ राज्यांशी २०१३ मध्ये सत्तर लाख डॉलरांवर तडजोड झाली. इटलीत २०१० पासून अशा मोटारींवर ठळक खूण लावणे व त्यांचे मार्ग आधी जाहीर करणे बंधनकारक करण्यात आले. संकलन करणाऱ्याच्या शब्दावर विसंबता येत नाही, त्याची प्रत्यक्ष तपासणी करावी लागते, हा धडा या प्रकरणातून नियामकांनी घेतला.

स्वित्झर्लंडचा निवाडा : या विषयावरील सर्वांत सविस्तर न्यायिक विचार स्वित्झर्लंडमध्ये झाला. तेथील संघीय प्रशासकीय न्यायालयाने २०११ मध्ये सर्व चेहरे व वाहनक्रमांक ओळखू येणार नाहीत असे करण्याचा, आणि त्यासाठी गरज पडल्यास प्रत्येक चित्र माणसांकरवी तपासण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०१२ रोजी तो सौम्य केला. संगणकीय पद्धतीत जास्तीत जास्त सु. एक टक्का त्रुटी क्षम्य मानण्यात आली. मात्र शाळा, रुग्णालये, वृद्धाश्रम, स्त्रियांची आश्रयगृहे, न्यायालये व तुरुंग यांच्या परिसरात पूर्ण अनामिकता राखलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. सामान्य पादचाऱ्यास न दिसणारी अंगणे व बागा संमतीविना प्रसिद्ध करण्यासही मनाई झाली. आश्रयगृहाच्या दारात दिसलेली स्त्री आणि बाजारात दिसलेली स्त्री या दोघी सारख्याच सार्वजनिक जागी असतात. पण पहिलीच्या बाबतीत ते दृश्य तिच्या जिवावर बेतू शकते, हा भेद या निवाड्याने कायद्यात आणला.

भारत : भारतात हा प्रश्न प्रथम राष्ट्रीय सुरक्षिततेच्या अंगाने पुढे आला. गूगलने मे २०११ मध्ये बंगळूरू येथे चित्रण सुरू केले. परंतु पोलिसांच्या आक्षेपामुळे ते जूनमध्ये थांबले. पुढे केंद्र सरकारनेही सुरक्षेच्या कारणावरून परवानगी नाकारली. भू-अवकाशीय माहितीविषयी फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी असे सर्वेक्षण भारतीय संस्थांपुरते खुले केले. त्यांनुसार जेनेसिस इंटरनॅशनल व टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने २७ जुलै २०२२ रोजी दहा शहरांत ही सेवा सुरू झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या महाराष्ट्रातील चार शहरांचा समावेश होता.

खाजगीपणाची सांविधानिक बाजू दरम्यान स्पष्ट झाली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. हा हक्क जागेशी नसून व्यक्तीशी निगडित आहे; केवळ सार्वजनिक ठिकाणी असल्याने तो गमावला जात नाही, असा विचार त्या निकालात मांडलेला आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. तेव्हा रस्त्याने चालणे किंवा दारात बसणे म्हणजे आपली प्रतिमा जाहीर करणे होय काय, हा प्रश्न त्याच्या अर्थनिर्णयात महत्त्वाचा ठरतो. ओटा, अंगण व गल्ली ही जेथे घराचाच विस्तार असतात, तेथे त्याचे उत्तर पाश्चात्त्य घरांच्या कल्पनेवरून देता येणार नाही.

मूल्यमापन : या छायाचित्रणाचे लाभ खरे आहेत. अनोळखी पत्ता शोधणे, अपंग व्यक्तींना वाटेची पूर्वकल्पना येणे, नगररचनेचा अभ्यास यांसाठी ते उपयोगी पडते. फुकुशिमा अणुदुर्घटनेमुळे ओस पडलेल्या जपानमधील नामिए या गावाचे चित्रण तेथील महापौरांच्या विनंतीवरून झाले व मार्च २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा विस्थापितांना आपली घरे पाहता आली. तेथे चित्रण हवे की नको हे गावाच्या प्रतिनिधीने ठरविले होते. इतरत्रच्या वादांत नेमकी हीच गोष्ट नव्हती.

चेहरे व पाट्या अंधुक करण्याने प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. अमेरिकन संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोनशे शहरांतील पाच कोटी मार्गदृश्य चित्रे संगणकाने तपासून, रस्त्यांवरील मोटारींच्या प्रकारांवरून वस्त्यांचे उत्पन्न, वंश, शिक्षण व मतदानाचा कल यांचे अंदाज बांधले. यात कोणाचाही चेहरा लागला नाही. एकटे पाहिले असता निरुपद्रवी वाटणारे दृश्य लक्षावधी दृश्यांच्या संग्रहात निराळी माहिती देऊ लागते, हे १९८३ च्या जर्मन निर्णयातील सूत्र येथे प्रत्ययास येते. पाहणे व नोंदणे एकच, हे प्रॉसरचे गृहीत त्यामुळे मागे पडले आहे. जागा सार्वजनिक होती की खाजगी, याबरोबरच नोंद कोणी केली, ती किती काळ राहील, तिच्यापासून कोणते निष्कर्ष निघतील आणि ती पुसून घेण्याचा अधिकार कोणास आहे, या प्रश्नांची उत्तरे कायद्याला द्यावी लागतात. कॅमेऱ्याची उंची, त्रुटीची टक्केवारी व हरकतीची मुदत अशा लहान वाटणाऱ्या नियमांतून ती उत्तरे हळूहळू आकारास आली आहेत.