सर्वसेन : वत्सगुल्माचा राजकवी खेळाच्या पटावर

इतिहासातील एखादा ग्रंथकार घ्यायचा, त्याच्या लेखनातून त्याला अद्भुत शक्ती द्यायची आणि सुपरहिरोंच्या खेळात त्याला पात्र म्हणून उतरवायचे, ही कल्पना आज जगभर रूढ झाली आहे. आपल्याकडे ती परदेशी वाटते. प्रत्यक्षात साहित्याला देह, स्वभाव आणि पराक्रम देऊन त्याला दिग्भ्रमणाला धाडण्याचा प्रयोग संस्कृतात हजार-अकराशे वर्षांपूर्वीच झाला असून त्या कथेचा शेवट आजच्या वाशीम शहरी होतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. अशा खेळासाठी पात्र निवडायचे, तर त्याच्याइतका योग्य आणि त्याच्याइतका विस्मृत उमेदवार विदर्भात दुसरा सापडणे कठीण.

खेळाचे स्वरूप

रोल-प्लेइंग गेम म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या प्रकाराचा प्रसार झाला. चार-पाच खेळाडू एकत्र बसतात. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घेतात. यशापयश फाशांवर ठरते. प्रत्येक पात्राचा एक तक्ता असतो व त्यात बळ, बुद्धी, विशेष शक्ती आणि उणिवा नोंदलेल्या असतात. १९८१ सालच्या ‘चॅम्पियन्स’ या सुपरहिरोंच्या खेळात गुण खर्च करून शक्ती विकत घ्यावी लागे आणि पात्राला उणिवा जोडल्या की जादा गुण मिळत. शक्तीइतकेच महत्त्व मर्यादेला देणारी ही पद्धत पुढे पुष्कळांनी उचलली.

ग्रंथकारांना पात्र करण्यात जपानने आघाडी घेतली. २०१२ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘बुंगो स्ट्रे डॉग्ज’ या चित्रमालिकेत आधुनिक जपानी लेखक अद्भुत शक्तीचे गुप्तहेर व गुंड होऊन अवतरतात. नाकाजिमा अत्सुशी या लेखकाने वाघ झालेल्या माणसाची कथा लिहिली होती. म्हणून मालिकेतील त्याचे पात्र वाघ होते. २०१५ सालच्या ‘फेट ग्रँड ऑर्डर’ या मोबाइलवरील खेळात शेक्सपिअर आणि अँडरसन ही पात्रे आहेत. नाकाजिमाच्या उदाहरणातील सूत्र स्पष्ट आहे : लेखकाची शक्ती त्याच्या पुस्तकातून आली पाहिजे.

राजशेखराचा काव्यपुरुष

दहाव्या शतकाच्या प्रारंभी कनौजच्या प्रतिहारांच्या आश्रयास असलेल्या राजशेखराचा एक पूर्वज ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून गौरविला गेला होता. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यपुरुषाची कथा आहे. सरस्वतीचा हा पुत्र. शब्द आणि अर्थ हे त्याचे शरीर, संस्कृत हे मुख, प्राकृत हे बाहू, रस हा आत्मा आणि छंद हे रोम. खेळाचा तक्ता भरावा तसे हे वर्णन आहे.

त्याची उणीवही ठरलेली आहे : रुसवा. आई ब्रह्मलोकी निघाली व तिने त्याला सोबत नेण्यास नकार दिला, तेव्हा तो रागाने घराबाहेर पडतो. त्याला आवरण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते. ती त्याचा पाठलाग करीत पूर्व देशात, पांचालात, अवंतीत आणि अखेर दक्षिणेत येते. पूर्वेस तो दीर्घ समासांची, अनुप्रासांनी लदलेली भाषा बोलतो आणि वधूकडे लक्ष देत नाही. पांचालात समास कमी होतात, मनही थोडे वळते. दक्षिणेत त्याची भाषा समासविरहित व सुबोध होते. तीच वैदर्भी रीती. विदर्भातील वत्सगुल्म नगरीत तो तिच्याशी गांधर्व विवाह करतो. इथे प्रगतीची पायरी अंगबळाने नव्हे, तर भाषेच्या सहजतेने मोजली आहे.

सर्वसेनाविषयी काय ठाऊक आहे

काव्यपुरुष कल्पित आहे, सर्वसेन ऐतिहासिक. तो पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र. चौथ्या शतकाच्या मध्यास त्याने वत्सगुल्म येथे राज्य केले. १९३९ साली वाशीम येथे त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. राज्यवर्ष ३७ मधील हे दानपत्र वत्सगुल्माहून दिलेले असून त्याचा बराचसा भाग प्राकृतात आहे. या ताम्रपटामुळे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखातील वंशावळीचा उलगडा झाला आणि वत्सगुल्म शाखा स्वतंत्रपणे ओळखता आली. या शाखेच्या अभ्यासात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा वाटा मोठा आहे.

सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य रचले. सत्यभामेचा रुसवा काढण्यासाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, हा त्याचा विषय. काव्याची पोथी आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, कुंतक, भोज, हेमचंद्र यांच्या ग्रंथांतील उल्लेख आणि उद्धरणे यांवरूनच ते ओळखावे लागते. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाचे ‘सेतुबंध’ मात्र टिकले. म्हणजे दोन वाकाटक राजांपैकी एकाचे काव्य हाती आहे, दुसऱ्याची केवळ कीर्ती.

पात्राची मांडणी

उपलब्ध माहितीवरून सर्वसेनाचा तक्ता पुढीलप्रमाणे मांडता येईल.

पहिली शक्ती, कथापरिवर्तन : रसाला प्रतिकूल असलेला मूळ कथेतील भाग कवीने बाजूला सारून नवा प्रसंग योजावा, असे आनंदवर्धन सांगतो आणि उदाहरण म्हणून कालिदासाच्या कृतींबरोबर ‘हरिविजय’ व स्वतःचे ‘अर्जुनचरित’ यांचा निर्देश करतो. म्हणून सर्वसेनाला एका खेळात एकदा, नुकताच घडलेला प्रसंग बदलण्याची मुभा असावी. अट एकच : बदलामुळे कथेचा रस वाढला, असे सर्व खेळाडूंनी मान्य केले पाहिजे.

दुसरी शक्ती, सुकुमार मार्ग : सहज सौकुमार्याचे उदाहरण म्हणून कुंतक कालिदासासोबत सर्वसेनाचे नाव घेतो. खेळाडूने आपली कृती साध्या, थोड्या शब्दांत सांगितली, तर फाशावर अधिक दान मिळावे. शब्दांचा फुलोरा केला, तर ते गमवावे.

तिसरी शक्ती, पारिजात : रुसलेल्या पात्राचा राग शमविणे. रुसून घर सोडणारा काव्यपुरुष याच नगरीत शांत होतो, ही गोष्ट इथे उपयोगी पडते.

उणीव, लुप्त ग्रंथ : ही मात्र जिव्हारी लागणारी आहे. सर्वसेनाला स्वतःच्या काव्याचा आधार थेट घेता येऊ नये. दुसऱ्या पात्राने त्याची आठवण काढली, तरच त्याची शक्ती जागी व्हावी. भोजाने उद्धृत केले म्हणून ओळी उरल्या, या वस्तुस्थितीचे हे खेळातील रूप होय.

मर्यादा कोठे पाळाव्यात

संतकवींच्या बाबतीत प्रश्न नाजूक असतो. ज्ञानेश्वरांची चालती भिंत किंवा तुकोबांच्या तरलेल्या वह्या या लोकांच्या श्रद्धेच्या कथा आहेत. त्यांना फाशांच्या हवाली करण्यापूर्वी विचार केलेला बरा. सर्वसेनाभोवती अशी कथा नाही. धोका आहे तो निराळाच : ‘हरिविजया’च्या नावाने बनावट ओळी रचल्या जाण्याचा. त्या एकदा पसरल्या की खऱ्या उद्धरणांपासून निवडणे सामान्य वाचकाला अशक्य होईल. म्हणून खेळात प्रसंग हवे तेवढे कल्पावेत, पण कवीच्या तोंडी त्याच्या नावावर नवे काव्य घालू नये. तक्त्यातील ‘रूप’ हा रकानाही रिकामा ठेवावा. सर्वसेन दिसायला कसा होता, याची नोंद नाही.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा आज बालाजी मंदिर, पद्मतीर्थ, कारंजा आणि पोहरादेवी यांमुळे परिचित आहे. साहित्याचा विवाह ज्या नगरीत लागल्याची कथा आहे, तिच्या या कवीचे नाव तेथील शाळकरी मुलांच्या कानी फारसे पडत नाही. पटाभोवती बसलेल्या चार मुलांपैकी एकाने जरी खेळ संपल्यावर ‘हरिविजय’ कुठे मिळेल असे विचारले, तर त्याला खरे उत्तर द्यावे लागेल : ते हरवले आहे, आणि जेवढे उरले आहे तेवढे इतरांनी आठवण ठेवली म्हणून.