विळा कुणाचा, रास कुणाची?



दसरा झाला की पनवेल तालुक्यात जिथे जिथे शेत उरलंय, तिथे भात पिवळं पडायला लागतं. कुणाचा इमारतींच्या मधे दहा गुंठ्यांचा तुकडा, कुणाचा गावाबाहेर अर्धा एकर. त्यावर आता फारसं कुणाचं पोट चालत नाही. मुलगा नोकरीला, सून नोकरीला. तरी घरच्या तांदळाची भाकरी हवी, सासऱ्यांनी राखलेलं शेत पडीक नको, म्हणून हौसेनं शेती होते. तीही आजीच्याच अवजारांनी: विळा, झोडायचा दगड, सूप, टोपली. आमच्या बचत गटांच्या बैठकीत या दिवसांत दर वर्षी एकच विषय निघतो. मजूर मिळत नाही, परतीचा पाऊस डोक्यावर आहे, मग यंत्र घ्यायचं का?

किमतीचा आणि कर्जाचा हिशेब आपल्याला येतो. पण या साध्या अवजारांच्या इतिहासात आणखी एक हिशेब आहे, आणि यंत्र घेण्याआधी आपण तो पाहावा असं आम्हाला वाटतं. अवजार ज्यांच्या हातात होतं, धान्याची रास त्यांची झाली का?

आधी जुनी रीत आठवू. विळा लोहाराकडून घडवून घ्यायचा, धार गेली की पुन्हा लावून आणायची. डाव्या हातात भाताची मूठ, उजव्या हातात विळा, आणि दिवसभर कंबर वाकलेली. कापलेलं भात एक-दोन दिवस शेतातच वाळायचं. मग भारे बांधून खळ्यावर आणायचे आणि उडवी रचायची. खळं आधीच शेणानं सारवलेलं असायचं. तिथे भात दगडावर किंवा फळीवर झोडायचं, नाहीतर मधे तिवडा रोवून बैलांची पात फिरवायची. मग वारा बघून उफणणी, सुपानं पाखडणं, आणि दाणा कणगीत. खाली सांडलेलं मातीमिश्रित मातेरंसुद्धा कुणीतरी निवडत बसायचं. ती बहुतेक वेळा बाईच असायची. या सगळ्याला पैसा फार लागत नसे, लागायची ती माणसं आणि त्यांचे कष्ट.

पण खळ्यावर रास उभी राहिली की वाटेकरी यायचे. बलुतेदारांचा वाटा गावाच्या रीतीचा होता, त्यानं काम केलेलं असायचं. खोताचं तसं नव्हतं. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता, आणि कोकणात गावोगावी खोती होती. खोत सरकारसाठी सारा वसूल करायचा आणि कुळांकडून पिकाचा मोठा हिस्सा घ्यायचा. वर वेठबिगार वेगळी. कुळाच्या घरातली बाई लावणीपासून मातेऱ्यापर्यंत राबायची, आणि वाटण्या झाल्यावर वर्षभर पुरेल इतकंही भात काही घरांत उरायचं नाही.

याविरुद्ध अलिबाग तालुक्यातलं चरी गाव उभं राहिलं. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, म्हणजे ऐन कापणीच्या दिवसांत, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि संपाचा निर्णय झाला. चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले, आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं लावणी नाही, कापणी नाही. डोंगरातला लाकूडफाटा विकून लोकांनी दिवस काढले. या संपाची गोष्ट सांगताना पुढाऱ्यांची नावं आपण घेतो, घ्यायलाच हवीत. पण कणगी रिकामी असताना सहा वर्षं रोज दोन वेळची चूल पेटवण्याचं काम घरात कुणी केलं असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्यानंतर कायदे आले. १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. १९४८ साली कूळकायदा आला, १९४९ च्या कायद्यानं खोती संपवली. पुढे कूळकायद्यात बदल झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कायद्याच्या अटींत बसणारी कुळं कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली. कसेल त्याची जमीन, हे खरं झालं. मात्र सातबाऱ्यावर नाव लागलं ते बहुतेक घरांत कर्त्या पुरुषाचं. त्याच शेतात विळा चालवणाऱ्या बाईचं नाव लागलं ते नवरा गेल्यावर, वारस म्हणून. काही ठिकाणी तेही लागलं नाही.

हे नाव किती महत्त्वाचं, ते पनवेल-उरणला पुढे कळलं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हे आपल्या भागाचं मोठं यश आहे. पण मोबदला असो की भूखंड, कागद निघाला तो सातबाऱ्यावरच्या नावानं. ज्या बाईनं त्या शेतात पन्नास कापण्या केल्या, तिच्या हातात विळा राहिला आणि शेत गेलं.

आता अवजारांकडे वळू. आपला विळा शेकडो वर्षं फारसा बदलला नव्हता. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं, आणि तिथे वैभव विळा तयार झाला. त्याच्या पात्याला करवतीसारखे बारीक दाते असतात, त्यामुळे सारखी धार लावायला लागत नाही. भात जमिनीलगत कापता येतं, पेंढा जास्त मिळतो आणि खोडकिड्याला लपायला धसकटं कमी राहतात. किंमतही साध्या विळ्याच्या जवळपासची. छोट्या शेतासाठी इतकी उपयोगी आणि स्वस्त सुधारणा क्वचितच झाली असेल. कंबर मात्र त्यानंही वाकतेच.

आमच्या बैठकीत ज्याची चर्चा जास्त होते ते पायानं चालवायचं मळणी यंत्र. त्याची गोष्ट जपानमध्ये सुरू होते. तिथे पूर्वी बांबूच्या दोन काड्यांमध्ये लोंब्या धरून दाणे ओरबाडत. हे किचकट काम गरीब बायका, त्यातही विधवा मजुरीवर करायच्या. साधारण १७०० च्या सुमाराला तिथे मोठ्या फणीसारखं अवजार आलं. तिच्या दात्यांतून भाताची मूठ ओढली की दाणे गळून पडायचे. काम कितीतरी पट झपाट्यानं व्हायला लागलं आणि विधवांची मजुरी बुडाली. लोकांनी त्या फणीला नाव दिलं ‘गोके-दाओशी’, म्हणजे विधवांना लोळवणारी. अवजार वाईट नव्हतं, त्यानं कष्ट वाचले. पण वाचलेल्या कष्टाचा पैसा फणीच्या मालकाकडे गेला, आणि फणी विधवांच्या मालकीची नव्हती.

पुढे १९१० च्या सुमाराला जपानमध्येच पायानं फिरवायचा ड्रम आला. लाकडी पट्ट्यांवर वाकवलेल्या तारा बसवलेल्या असतात, पायानं दांडा दाबला की ड्रम फिरतो, त्यावर पेंढीचं टोक धरायचं. दाणे पुढे पडतात आणि पेंढा हातात अखंड राहतो. वीज नको, डिझेल नको. १९५० च्या दशकात आपल्याकडे जपानी पद्धतीच्या भातशेतीचा मोठा प्रचार झाला, त्याचे सुरुवातीचे प्रयोग बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले होते. १९६० च्या दशकात तर आपल्या शेजारी खोपोलीला भारत-जपान सहकार्याचं शेती केंद्र होतं. तेव्हा ज्याला आपण आज जुनं यंत्र म्हणतो, ते आपल्या भागाला तसं परकं नाही. जुन्या गोठ्यांत एखादं गंजलेलं सापडतंही. बेअरिंग बदललं, तुटलेल्या तारा गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बसवून घेतल्या, की ते पुन्हा चालतं. चालवताना पदर खोचलेला आणि केस बांधलेले हवेत, आणि मुलांना लांब ठेवायचं.

मग घ्यायचं का यंत्र? आमचं म्हणणं, घ्यावं. पाच-दहा गुंठ्यांसाठी मोठं कापणी यंत्र परवडत नाही, आणि बांधाबांधांतून ते आत शिरतही नाही. दाते असलेले विळे आणि गटात मिळून एक पायाचं मळणी यंत्र एवढ्यात काम भागतं. पण आपला अनुभव असा की वाकून करायचं काम बाईचं असतं, आणि त्याच कामाला यंत्र आलं की चालवणारा पुरुष होतो आणि भाडंही त्याच्या खिशात जातं. म्हणून यंत्राची पावती गटाच्या नावानं असावी. भाडं गटाच्या वहीत जमा व्हावं. चालवायला निदान चार जणींनी शिकावं. आणि आपल्या शेतावर कापणीला येणाऱ्या वाडीवरच्या बायकांची मजुरी यंत्रामुळे बुडत असेल, तर त्यांनाही यंत्रावरच्या कामात घ्यावं. जपानच्या विधवांची गोष्ट आपल्या हातून पुन्हा घडायला नको.

दुसरं काम सातबाऱ्याचं. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली हिंदू वारसा कायद्यात बदल होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव जमिनीला लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. त्याची चौकशी तलाठी कार्यालयात करता येते. शेत दहा गुंठ्यांचं आहे म्हणून नाव कशाला, असं म्हणू नका. पनवेलमध्ये दहा गुंठ्यांचं मोल काय, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

यंदा भात घरात आलं की दिवाळीच्या फराळाआधी प्रत्येकीनं आपला सातबारा काढून वाचावा आणि पुढच्या बैठकीला घेऊन यावा. यंत्राचा ठराव आणि सातबाऱ्याचं वाचन, दोन्ही एकाच दिवशी करू.